जुनी विजेची मोटार घेतांना

भुदरगड तालुक्यांतील एका एकत्र कुटुंबाच्या कर्त्या गृहस्थांनीं विचारणा केली आहे, ती अशी: चार वर्षें वापरलेली विजेची मोटार कोल्हापुरास विकावयाची आहे, वृद्ध मातोश्रींना गारगोटीहून कोल्हापुरास दर पंधरवड्यास उपचारार्थ न्यावें लागतें, तर मुलांच्या शिक्षणासाठीं राखलेल्या रकमेंतून ती घ्यावी कीं न घ्यावी? प्रश्न एका घरचा असला तरी हा खल अनेक घरीं चालला आहे. म्हणून उत्तर येथेंच देतों.

या मोटारीस इंजिन नाहीं, क्लच नाहीं, तेल बदलणें नाहीं. त्यामुळें पेट्रोलच्या गाडीचे निम्मे रोग हिला होतच नाहींत. पण जो एक होतो तो राजरोगच, म्हणजे थोरल्या बॅटरीचा क्षय. २००१ सालीं निघालेल्या बंगळूरच्या ‘रेव्हा’ गाडींत शिशाच्या आठ बॅटऱ्या असत, व कांहीं वर्षांनीं तो सगळा संच बदलावा लागे. आतांच्या लिथियमच्या बॅटऱ्या पुष्कळच टिकाऊ आहेत. तथापि झीज त्यांनाही चुकलेली नाहीं.

उदाहरणार्थ, जानेवारी २०२० मध्यें विक्रीस आलेली टाटांची नेक्सॉन घ्या. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची. कागदोपत्रीं पल्ला ३१२ किलोमीटर, प्रत्यक्षांत सुमारें २००. बॅटरीची शक्ति शेंकडा ८० वर आली तरी १६० किलोमीटर उरतात, आणि गारगोटी ते कोल्हापूर जाऊन-येऊन सुमारें १०० किलोमीटर होतात. म्हणजे बॅटरी थोडी थकली एवढ्यानें गाडी टाकाऊ ठरत नाहीं. किती थकली हें मात्र पैसे देण्यापूर्वीं कळलें पाहिजे. त्यास त्रैराशिक पुरेसें आहे. गाडी पूर्ण भरावी, घरचीं चार माणसें बसवावीं, गार हवेचें यंत्र चालू ठेवून शंभर किलोमीटर फिरावें. शेंकडा ५० खर्च झाले तर पल्ला २०० चा. ६५ झाले तर सुमारें १५४ चा. शिवाय अधिकृत कारखान्याकडून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल घ्यावा. अहवाल देण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्यास दुरूनच नमस्कार करावा.

बॅटरी बदलण्याचा खर्च किती? २०२४ सालीं अशा बॅटरीचा जगांतील सरासरी भाव दर युनिटास सुमारें ११५ डॉलर होता. त्या हिशेबानें ३० युनिटांची किंमत तीन लाखांच्या आसपास. पण तो घाऊक भाव झाला. नफा, कर, वाहतूक व मजुरी चढून हातीं पडणारें बिल त्याच्या दुपटीस गेलें तरी नवल नाहीं. अर्थात् प्रत्येक वेळीं सगळी बॅटरी बदलावी लागते असें नव्हे. ती अनेक खणांची असते, व कित्येकदां एखादाच खण बिघडलेला असतो. ‘सगळी बदला’ म्हणणाऱ्याकडून बिघाड कोणत्या खणांत, हें लिहून मागावें.

गाडींत एक धाकटी, १२ व्होल्टांची बॅटरीही असते. ती गेली कीं गाडी जागची हलत नाहीं, आणि थोरलीच गेली असें समजून घरांत रडारड होते! वास्तविक हें काम पांच-सात हजारांचें. वजन अधिक असल्यानें टायर लवकर झिजतात. चारही बदलल्यास ३०-४० हजार गेलेच. गाडी मंदावतांना मोटरच वेग आवरीत असल्यानें ब्रेकचा वापर थोडा होतो, व आपल्याकडील पावसांत त्यांच्या तबकड्या गंजतात. नारिंगी आवरणाच्या तारांस मात्र गांवच्या मिस्त्रीनें हात लावूं नये. त्यांत तीनशेंहून अधिक व्होल्टांचा दाब असतो. गाडी बंद पडल्यास दोरीनें ओढूं नये, सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

कोल्हापुरांतील गाडीविषयीं आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें होतें. गाडी त्यापूर्वींची असेल तर ती तेव्हां कोठें उभी होती हें विचारावें, आणि गालिच्याखालीं गाळ आहे काय तें स्वतः पाहावें. बॅटरी तळाशीं असते. तिच्या कवचावर गतिरोधकाचे ओरखडे असल्यास भाव उतरवून मागावा. घरीं भरणें तर पंधरा अँपिअरची निराळी तार व चांगलें अर्थिंग हवें. सदोष अर्थिंगमुळें चार्जर वीज घेत नाहीं, आणि दोष मोटारीच्या माथीं येतो.

नेक्सॉनच्या बॅटरीची हमी आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तोंपर्यंत. ती आपल्या नांवें वर्ग होते कीं नाहीं, हें हमीपत्रांत वाचावें.

आतां मूळ प्रश्न. महिन्यास दोन फेऱ्या म्हणजे २०० किलोमीटर. पेट्रोलच्या गाडीस सुमारें १४०० रुपये लागतील, विजेच्या गाडीस तीनशें. बचत वर्षास तेरा हजारांची. तेवढ्यासाठीं मुलांच्या रकमेस हात लावूं नये, मातोश्रींना भाड्याच्या गाडीनें न्यावें. घरांतील कोणी रोज कोल्हापुरास नोकरीस जात असेल तर हिशेब पालटतो. मग वरील परीक्षा करून, हमीचीं निदान तीन वर्षें शिल्लक असलेली गाडी खुशाल घ्यावी.