पेढीवरील संगणक : काळा पडदा

दुपारी जेवून पेढीवर परतावे, माउस हलवावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, हा अनुभव अनेक व्यापारी बंधूंना येतो. हात लगेच विजेच्या बटणाकडे जातो, तो आवरावा. ‘स्लीप’मध्ये असलेल्या संगणकातील चालू काम ‘रॅम’ या स्मृतीत असते आणि ती स्मृती अल्पशा विजेवर टिकून राहते. वीज तोडली, की साठवून न ठेवलेले अर्धे बिल गेलेच.

यंत्र खरोखर झोपले आहे की केवळ पडदा काळा आहे, हे आधी पाहावे. ‘कॅप्स लॉक’ दाबताच त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे. दोष बहुधा मॉनिटरच्या केबलचा अथवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबल्यास तो ड्रायव्हर नव्याने सुरू होतो व पुष्कळदा चित्र परत येते. दिवाच लागत नसेल, तर पॉवरचे बटण एकदा हलकेच दाबून मिनिटभर वाट पाहावी. तरीही जाग न आल्यास मात्र तेच बटण सुमारे १० सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही.

असे वारंवार घडत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करून घ्यावा. हिशेबाच्या यंत्रासाठी आम्हांस ‘हायबरनेट’ अधिक पसंत : त्यात चालू काम डिस्कवर उतरते आणि वीज गेली तरी टिकते. जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.