संदर्भयादीत कोणते पुस्तक?

नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आले की ग्रंथालयाचे मागणीपत्रक विभागात येते. प्रवेश, निकाल आणि वेळापत्रकाच्या धांदलीत ते नीट भरायला कुणाला सवड नसते, म्हणून गेल्या वर्षीचीच यादी पुढे जाते. वनस्पतींच्या बाह्यरचनेच्या पुस्तकांबाबत हे एखादे वेळी खपून जाईल. पेशीजीवशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्राबाबत ते खपत नाही. या विषयातले पुस्तक पंधरा-वीस वर्षांत अपुरे तर पडतेच, पण त्यातली काही पाने चक्क चुकीची ठरतात. आपले विद्यार्थी तीच पाने पाठ करून परीक्षेला बसतात.

आपल्याकडच्या कितीतरी संदर्भयाद्यांत आजही डी रॉबर्टिस पिता-पुत्रांचे ‘सेल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’ वरच्या क्रमांकावर असते. थोरले डी रॉबर्टिस अर्जेंटिनाचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशींच्या जोडणीतल्या सूक्ष्म पिशव्या ज्यांनी पन्नासच्या दशकात पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांचे वर्णन केले, त्यांपैकी ते एक. पेशीची रचना समजावून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. आपल्यापैकी अनेकांचे या विषयावर प्रेम बसले ते त्याच पुस्तकामुळे. पण त्याची आठवी आवृत्ती १९८७ची आहे. आरएनए हस्तक्षेपाचा शोध १९९८चा, रायबोसोमची अणुपातळीवरची रचना २०००ची, मानवी जीनोमचा पहिला मसुदा २००१चा. यांतले काहीही त्या पुस्तकात असणे शक्य नाही. तरीही विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या प्रतीवर अलीकडच्या पुनर्मुद्रणाचे साल असते आणि पुस्तक ताजे आहे असा त्याचा समज होतो. म्हणून पुस्तक हाती घेतले की आधी आतले हक्काचे पान पाहावे आणि आवृत्तीचे साल व पुनर्मुद्रणाचे साल वेगवेगळे वाचावे. ही सवय आपण विद्यार्थ्यांनाही लावायला हवी.

साल नवे असले म्हणजे मजकूर नवा असतोच असेही नाही. जुन्या पुस्तकांवरून उतरवलेली पुस्तके बाजारात भरपूर आहेत. ती ओळखण्यासाठी अख्खे पुस्तक वाचण्याची गरज नाही, दोन-तीन ठिकाणे पाहिली तरी पुरते. पहिले ठिकाण मायटोकॉन्ड्रियाच्या प्रकरणात सापडते. एका ग्लुकोजच्या रेणूपासून किती एटीपी मिळतात? पुस्तक ३६ किंवा ३८ म्हणून पुढे गेले, तर समजावे की लेखकाने जुना हिशेब तपासलेला नाही. त्या हिशेबात प्रत्येक एनएडीएचमागे पूर्ण तीन आणि एफएडीएच-२मागे पूर्ण दोन एटीपी धरलेले असत. प्रत्यक्षात एका एनएडीएचमधले इलेक्ट्रॉन शृंखलेतून जाताना दहा प्रोटॉन आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात आणि एक एटीपी तयार होऊन पेशीद्रवात पोहोचेपर्यंत सुमारे चार प्रोटॉन खर्ची पडतात. म्हणजे एनएडीएचमागे अडीच, एफएडीएच-२मागे दीड, आणि एकूण बेरीज ३० किंवा ३२. दोनाचा फरक पडतो तो पेशीद्रवातल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत नेले जातात त्यामुळे. हा हिशेब फळ्यावर मांडला की पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये मांडलेला प्रोटॉन-प्रवणतेचा विचार विद्यार्थ्याला आपसूक कळतो. ३८ हा आकडा पाठ केला तर त्यातले काहीच कळत नाही.

दुसरे ठिकाण जिवाणूंच्या प्रकरणातले. मेसोसोम ही श्वसनाची जागा म्हणून सचित्र दाखवली असेल, तर पुस्तक बाजूला ठेवावे. रासायनिक पद्धतीने नमुना घट्ट करताना पटलाला पडणाऱ्या त्या घड्या आहेत आणि झटपट गोठवलेल्या नमुन्यांत त्या दिसत नाहीत. ही गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दशकांतच स्पष्ट झाली होती. तरीही आपल्या प्रश्नपत्रिकांत मेसोसोमवर टिपा विचारल्या जातात. तिसरे ठिकाण क्रोमॅटिनचे. डीएनए, न्यूक्लिओसोम, मग ३० नॅनोमीटरचा सुबक वेटोळेदार धागा आणि शेवटी गुणसूत्र, ही पायऱ्यांची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. परीक्षानळीत तो धागा मिळतो, पण अखंड पेशीत तो नियमित स्वरूपात शोधायला गेलेल्यांना बहुतेक वेळा सापडलेला नाही. २०१७मध्ये मानवी पेशींचे जे त्रिमित सूक्ष्मदर्शी चित्रण झाले, त्यात ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या दिसल्या. चांगले पुस्तक इथे शंका नोंदवते.

या कसोट्या चुका पकडण्यापुरत्या झाल्या. मला स्वतःला पुस्तकाकडून याहून मोठी अपेक्षा आहे. एखादी गोष्ट आपल्याला कशी कळली, हे त्यात सांगितलेले असले पाहिजे. एटीपी सिंथेज फिरते, हे वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण १९९७मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्या एन्झाइमचा गाभा काचेवर पक्का बसवला, त्याच्या मधल्या दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा तंतू जोडला, एटीपी घातले आणि तो तंतू गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिला, हे ज्या पुस्तकात आहे त्याचा विद्यार्थी प्रयोगशाळेत उभा राहिल्यावर प्रश्न विचारतो. मेसेलसन आणि स्टाल यांच्या १९५८च्या प्रयोगाची आकृती सर्वत्र असते. मात्र दुसऱ्या पिढीपर्यंत थांबल्याशिवाय निष्कर्ष का काढता येत नव्हता, हे विचारणारी पुस्तके थोडी आहेत. प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न पाहावेत. ‘वर्णन करा’ आणि ‘टीप लिहा’ यापलीकडे, एखादी माहिती देऊन तिचा अर्थ लावायला लावणारे प्रश्न नसतील, तर ते पुस्तक वर्गासाठी मागवू नये.

आता प्रत्यक्ष पुस्तकांविषयी. ब्रूस अल्बर्ट्स आणि सहकाऱ्यांचे ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ १९८३पासून या विषयाचा मानदंड मानले जाते. त्याची सातवी आवृत्ती २०२२ची. सहाव्या आवृत्तीपासून अजून काय कळलेले नाही याच्या नोंदीही प्रकरणांना जोडलेल्या आहेत आणि त्या एम. एस्सी.च्या चर्चासत्रांसाठी फार उपयोगी पडतात. पण चौदाशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ बी. एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या हाती पाठ्यपुस्तक म्हणून देणे अन्याय आहे. बी. एस्सी.साठी त्याच गटाचे ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’ मला सर्वांत योग्य वाटते. वाक्ये छोटी, आकृत्या स्वयंस्पष्ट, आणि आपल्याला हे कसे कळले याची स्वतंत्र पाने. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला विषयाआधी इंग्रजीशी झुंजावे लागते. त्याला शब्दकोश घेऊन एकट्याने वाचता येईल असे हे पुस्तक आहे. जेफ्री कूपर यांचे ‘द सेल: अ मॉलिक्युलर अ‍ॅप्रोच’ आटोपशीर आहे आणि एका सत्रात शिकवून होण्याजोगे आहे. कार्प यांच्या पुस्तकातले प्रयोगांचे प्रवास मी कुणालाही वाचायला सांगेन. लोडिश यांचा ग्रंथ जीवरसायनाचा पाया पक्का असलेल्यांनी घ्यावा.

रेणवीय जीवशास्त्रासाठी वॉटसन यांच्या ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द जीन’ची सातवी आवृत्ती अजून भक्कम उभी आहे. रॉबर्ट वीव्हर यांचे पुस्तक २०११नंतर पुढे सरकलेले नाही, तरी त्यातली खऱ्या जेलची छायाचित्रे आणि मूळ प्रयोगांचे आलेख यांसाठी प्रत्येक पदव्युत्तर विभागात एक प्रत असावीच.

पैशांचा प्रश्न खरा आहे. परदेशी ग्रंथांच्या किमती ग्रामीण महाविद्यालयाच्या अनुदानाला झेपत नाहीत. अशा वेळी दहा ग्रंथांची एकेक प्रत घेऊन ती कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा एकाच मध्यम आकाराच्या पुस्तकाच्या जमतील तितक्या प्रती घ्याव्यात आणि त्या घरी नेऊ द्याव्यात. जोडीला अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेच्या बुकशेल्फवर अल्बर्ट्सची चौथी, कूपरची दुसरी आणि लोडिशची चौथी आवृत्ती मोफत शोधता येते. त्या २००० ते २००२च्या आवृत्त्या आहेत. पटलाची रचना, पेशीचक्र, प्रथिनांची वाहतूक यांची मूलतत्त्वे शिकायला त्या आजही उत्तम आहेत. क्रोमॅटिन, लहान आरएनए आणि जीनोमविषयी मात्र त्यांवर विसंबू नये. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ प्रतींची आवृत्तीसुद्धा पुष्कळदा कुणाला ठाऊक नसते. निदान ती पाहायला तरी आपण त्यांना सांगू शकतो.

अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. ते लिहिताना संदर्भयादीत पुस्तकाच्या नावापुढे आवृत्ती आणि साल घालाच. पंधरा नावांची यादी देऊन कुणाचेच भले होत नाही. मूळ पाठ्यपुस्तक म्हणून एकच नाव द्या आणि उरलेली पूरक म्हणून वेगळी लिहा. डी रॉबर्टिस पूरक यादीत राहू द्या. पेशीची रचना शब्दांत कशी उभी करावी, हे आजही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी प्रत्येक संचात किमान एक प्रश्न प्रयोगाच्या निष्कर्षावर ठेवावा. परीक्षेत येणार नाही ते वर्गात वाचले जात नाही, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या विभागात पेशीजीवशास्त्रासाठी कोणते पुस्तक चालते, त्याची कोणती आवृत्ती ग्रंथालयात आहे आणि विद्यार्थी ती खरोखर उघडतात का, हे आम्हाला कळवा. आलेली पत्रे पुढच्या अंकांत छापू.