समोरची काच स्वच्छ, तर वाट सुखरूप



गाळप हंगाम सुरू झाला की अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे येणारे रस्ते रात्रंदिवस वाहते राहतात. उसाचे ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या आणि त्यांतून वाट काढणारी आपली जीप, पिकअप नाहीतर मोटार. बैलाच्या खुराला पत्री मारायला आपण विसरत नाही. पण गाडीची समोरची काच मात्र दिसेनासे होईपर्यंत तशीच राहते. म्हणून आज या काचेविषयी.

दिवसा मळकी काच चालून जाते. रात्री समोरून दिव्याचा झोत आला की प्रत्येक डाग नि ओरखडा उजळतो आणि सगळी काच पांढरी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद दिसले नाही, तर ती ३३ मीटर आंधळी धावते. तेवढ्यात बिनदिव्याची उसाची गाडी पुढे असू शकते, किंवा कोपीकडे परतणारे ऊसतोड कुटुंब.

काचेवर साचते काय? रस्त्याची धूळ, धुराचा तेलकट थर आणि दिव्याकडे झेपावणारे किडे. किड्याचा चिकट रस उन्हात वाळला की खळीसारखा घट्ट बसतो. अशा वेळी कोरड्या काचेवर वायपर फिरवणे ही मोठी चूक. किडे पसरतात, तेलकट पट्टा उमटतो, आणि धुळीतील वाळूचे कण काचेहून कठीण असल्याने ओरखडे पडतात. डाग धुऊन जातो, ओरखडा जात नाही.

योग्य रीत सोपी आहे. गाडी सावलीत उभी करावी व काच निवू द्यावी; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकू शकते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब लिटरभर पाण्यात घालून त्यात जुने सुती फडके भिजवावे आणि किड्यांच्या डागांवर दहा मिनिटे पसरून ठेवावे. डाग आपोआप सुटतात. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. राख, वाळू, तारेची घासणी किंवा ब्लेड लावू नये. डिझेल वा रॉकेलने पुसलेली काच क्षणभर चकाकते, पण मागे राहिलेला तेलाचा थर रात्री दिवे पसरवून दाखवतो.

एक गोष्ट निक्षून सांगतो. फवारणीचा पंप गाडी धुण्यासाठी वापरू नये, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत काचेचे पाणी भरून ठेवू नये. औषधाचा अंश धुऊनही राहतो आणि घरात लहान मुले असतात.

बोअरचे पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग राहतात. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसल्यास ते निघतात. वायपरच्या पाण्याच्या टाकीत शक्यतो गाळलेले, मऊ पाणी घालावे. वायपरचे रबर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे आणि कडक झाले, चिरले, की बदलावे. मृगाआधी तर जरूर पाहावे. काच आतूनही मळते, तीही पुसावी. थंडीत आतून वाफ धरली तर पंख्याची हवा काचेकडे सोडावी. हाताने पुसल्यास तेलकट डाग वाढतात.

या काचेचा शेतीलाही एक उपयोग आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी काचेवर तपकिरी भुंगेरे आपटू लागले, तर हुमणीचे प्रौढ जमिनीतून निघाले असे समजावे. त्याच रात्री बांधावरील कडुनिंब, बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. शेजाऱ्यांनीही सोबत केले तरच उसाला त्याचा फायदा होतो.

शेवटी, आपली काच स्वच्छ असली तरी पुढचे वाहन दिसायला हवे. आपल्या ट्रॉलीला, टायरगाडीला मागून लाल परावर्तक पट्टी लावावी आणि तीवरची धूळही रोज पुसावी. शहागडवरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग असो की शेताची पाणंद, दिवस मावळण्यापूर्वी पाच मिनिटे आणि एक ओले फडके एवढेच लागते. घरातील मुलांना हे काम आवडीने करता येईल. गाडीत कोणी बसणार, कोणी वाटेने चालणार. दोघांनाही घरी सुखरूप पोहोचायचे आहे.