आधी तार लावा, मग हार घाला

मंडळी, हिवाळ्यात गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की बसणारा चटका आपण सगळेच इथे आल्यावर पहिल्या वर्षी शिकलो. तो आठवूनच पुढचे वाचा. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर ती पेटायला त्या चटक्याहून कितीतरी कमी, मिलिज्यूलच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढी ऊर्जा पुरते. आणि पेट्रोल उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडते. मिनेसोटातली थंडीसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही.

हे सांगायचे कारण, आपल्यातल्या काहींना जुन्या लष्करी ट्रकांचे वेड लागले आहे. मलाही आहे. एका मित्राकडे एम-35 ए-2 आहे, अमेरिकन सैन्याचा तो प्रसिद्ध अडीच टनी ट्रक. मंडळाच्या गणपतीची मिरवणूक त्यावरूनच निघते, मागे पोरांची ही गर्दी. त्याच्या इंधनाचा काटा कायम 'फुल्ल' दाखवायचा. म्हातारीची खोड म्हणून आम्ही हसायचो. एकदा खाली शिरून पाहिले, तर टाकीपासून चासीपर्यंत जाणारी जोडतारच नाही! रंगकाम करताना सुटली ती सुटलीच. रंगवणाऱ्याचे उत्तर ठरलेले: "टाकी चासीलाच तर बांधलीय. वेगळं अर्थिंग कशाला?"

या उत्तराशी माझे भांडण आहे. टाकी बांधलेली असते, पण पट्ट्यांखाली घासू नये म्हणून रबर किंवा कापडाचे अस्तर असते. त्यावर आपण हौसेने चढवलेले रंगाचे तीन हात, आणि बोल्टांवर गंज. बांधणी भक्कम, पण विजेच्या दृष्टीने टाकी अधांतरी. या गाड्यांत बॅटरीहून एक तार येते आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. काट्याचा सेंडर टाकीच्या पत्र्यामार्फतच चासीला मिळतो. वाट तुटली की काटा खोटे बोलतो. म्हणजे तो खोडकर काटा खोड काढत नव्हता, तक्रार करत होता.

नुसत्या काट्याचा प्रवाह किरकोळ असतो, हे मान्य. पण एम-35 ए-2च्या टाकीत 24 व्होल्टचा विजेचा पंपही बुडालेला असतो. त्याच्या प्रवाहाला सरळ वाट मिळाली नाही तर तो सैल स्क्रूमधून, गंजलेल्या सांध्यातून वाट काढू पाहतो. ठिणगी पडते ती अशाच सांध्यात, आणि हे सांधे इंधनापासून वीतभर अंतरावर असतात.

दुसरा युक्तिवाद: "आमचा डिझेलवर चालतो, डिझेल कुठे पेटतं?" निव्वळ डिझेल सहजी पेटत नाही, खरे आहे. पण हे मल्टिफ्युएल इंजिन काहीही पचवते, म्हणून लोक त्यात जुने इंजिन ऑइल पेट्रोलने पातळ करून ओततात. निव्वळ पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ बहुधा इतकी दाट असते की पेटत नाही. डिझेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले की तीच वाफ नेमक्या पेटणाऱ्या प्रमाणात येऊ शकते. कंजूषपणाने आपण धोका कमी नव्हे, वाढवलेला असतो.

तिसरा: "हे नवे फॅड आहे." मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक अमेरिकन जीपांच्या बॉनेटवर नोंदणी क्रमांकापुढे 'एस' अक्षर दिसते. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून त्या गाडीचे भाग तांब्याच्या पट्ट्यांनी आणि दातेरी वॉशरांनी एकमेकांना जोडलेले आहेत, असा त्याचा अर्थ. ते 'एस' आपण सुबक रंगवतो आणि पट्ट्या भंगारात टाकतो!

चौथा, सगळ्यांत लाडका: "पन्नास वर्षांत काही झालं नाही." झाले नाही, कारण पन्नासांतली बरीच वर्षे सैन्याचा मेकॅनिक ती तार तपासत होता.

लहानपणी आपण टँकरमागे रस्त्यावर खणखणत जाणारी साखळी पाहिली आहे. अर्थिंग म्हटले की तीच डोळ्यांपुढे येते. इथे साखळी नको. हवी ती टाकी ते चासी अशी विणलेली तांब्याची पट्टी. आधी बॅटरी सोडवा. दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा, मल्टिमीटर लावा. वाचन एका ओहमच्या आत यायला हवे. मग वरून खुशाल रंग द्या. आणि प्लॅस्टिकचा डबा पिकअपच्या प्लॅस्टिक अस्तरावर ठेवून कधीही भरू नका, जमिनीवर ठेवा. तसे भरताना आगी लागल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत.

खर्च म्हणाल तर एका पिझ्झाचा, वेळ अर्ध्या तासाचा. खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. जरूर ठेवा. पण ज्या ट्रकवर आपण दुसऱ्यांची पोरे चढवतो, त्याच्या टाकीचे अर्थिंग लिंबाच्या भरवशावर सोडू नका.