टपावरील पेटी

हल्लीं घरांतील तरुण मंडळी जीपच्या टपावर तंबू-सतरंज्या बांधून रानांत मुक्कामास जातात. हौस चांगलीच, परंतु सामान कशांत ठेवावें, हें वडील मंडळींनींही पाहावें.

नाशिकहून पेठला येतांना सावळ व कोटंबी हे घाट लागतात. तेथील वळणांवर माथा जड झालेली गाडी कलते. यास्तव गाडीच्या पुस्तिकेंत टपाची भारमर्यादा प्रथम वाचावी. तींत कॅरियर व पेटी यांचेंही वजन धरावयाचें असतें. मर्यादा ७५ किलो, कॅरियर ३० व पेटी २० किलोंची असल्यास सामानास २५ च उरतात. ही तिसरीच्या वर्गांतील वजाबाकी. पण करतो कोण?

लोखंडी पेटी मजबूत खरी. तथापि पेठच्या पावसांत रंग उडाला कीं ती गंजते. तितक्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारें एक-तृतीयांश वजनाचा असतो व तसा गंजत नाहीं. आमची पसंती त्यासच. प्लॅस्टिक हलकें, पण साधें असल्यास उन्हानें ठिसूळ होतें. झांकणास रबरी पट्टी अवश्य हवी.

टपावर तंबू, पांघरुणें ठेवावीं. पाणी, शेगडी, भांडीं खालींच. खडबडीत वाटेनें थोडें अंतर जातांच थांबून बोल्ट पुन्हा आवळावेत.