नागीण उतरवणाऱ्याला नावं ठेवून भागणार नाही




नागीण उठली की आमच्या सातारा-सांगलीकडे अजूनही अनेकजण आधी उतरवणाऱ्याचं दार गाठतात. गेरूचा लेप, मंत्र, पथ्य आणि ‘फोडांच्या पट्ट्याचं तोंड-शेपूट जुळलं तर माणूस हाती लागत नाही’ ही धास्ती, सगळं ठरलेलं. त्यावर शिकल्यासवरल्यांचं अंधश्रद्धेच्या नावाने बोटं मोडणंही तितकंच ठरलेलं. माझ्या मते दोष देण्याची जागाच चुकते आहे. ज्या पेशंटला नागीण सर्वांत घातक, तो बहुधा आधीपासून कुठल्या तरी दवाखान्याच्या फाइलवर असतो. त्याला वेळेवर सावध न करणं ही आरोग्यव्यवस्थेची चूक आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून राहतो. वयाने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीवर येतो; हीच नागीण. म्हणून फोडांचा पट्टा बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. धडधाकट माणसात तो दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतो आणि श्रेय लेपाला मिळतं. उतरवणाऱ्याचं नाव होतं ते अशा पेशंटमुळे, जे त्याच्याविनाही बरे झाले असते.

एचआयव्हीबाधित, केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले किंवा सांधेवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांचं तसं नसतं. त्यांच्यात फोड पट्टा ओलांडून अंगभर पसरू शकतात. डोळा, फुफ्फुस, मेंदूपर्यंत मजल जाऊ शकते. विषाणूविरोधी गोळी फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना उशीर झाला तरी उपचार द्यावेच लागतात, कधी भरती करून शिरेतून. हेच पहिले तीन दिवस आपल्याकडे लेपात जातात.

मंत्रतंत्राला कायद्याने आळा घाला, असं कुणी म्हणेल. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं. लुबाडणाऱ्यावर कायदा जरूर चालवावा. पण गावातला उतरवणारा बरेचदा एक पैसाही घेत नाही. त्याला कोठडीत घातलं तरी ‘फोड उठले की कुठे जायचं’ हे पेशंटला कळणार नाही.

याचं उत्तर सांगलीनेच एकदा शोधलं आहे. एड्सच्या साथीचं खापर ज्या वेश्यावस्तीतल्या बायकांवर फोडलं जात होतं, त्यांनाच ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून गल्लोगल्ली आरोग्याचा निरोप पोचवणाऱ्या कार्यकर्त्या केलं. पुढे त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. लोकांचा ज्याच्यावर विश्वास, त्याच्याच तोंडून निरोप गेला तर तो पोचतो. तसंच गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांनी उतरवणाऱ्याला एवढंच पटवावं: लेप लावायचा तर लाव, पण माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात धाड.

पण धाडलेल्या माणसाला तिथे औषध मिळायला हवं. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी औषध खिडकीवर बसलो, म्हणून हे सांगतो. असायक्लोव्हिर हे नागिणीवरचं विषाणूविरोधी औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मोठ्या माणसाला साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, किमान सात दिवस लागते, म्हणजे ३५ गोळ्या. दोन-तीन दिवसांपुरत्या देऊन ‘पुन्हा या’ म्हणण्याची रीत इथे चालायची नाही. शेतमजूर पुन्हा येत नाही. डायलिसिसवरच्या पेशंटला हा डोस कमी करावा लागतो, तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या घेणंही नको.

मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांनी, केमोथेरपी आणि डायलिसिस विभागांनी प्रत्येक पेशंटच्या हातात मराठी चिठ्ठी द्यावी: ‘एका बाजूला आग किंवा ठणका, मग फोड आले तर त्याच दिवशी या. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर तासाचाही उशीर नको. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.’ हे शेवटचं वाक्य फार गरजेचं आहे. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रतिकारशक्ती सावरताना नागीण उठू शकते. ‘गोळ्या बाधल्या’ म्हणून पेशंटने त्या सोडल्या, तर नागिणीपेक्षा मोठं संकट ओढवतं. तसंच तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टरांनी त्याला विश्वासात घेऊन एचआयव्ही तपासणी सुचवावी. मात्र नागीण झाली म्हणजे एचआयव्ही असणारच, असा गावभर बोभाटा होता कामा नये.

राहिली लस. जिवंत विषाणू नसलेली, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही चालणारी दोन डोसांची लस भारतात २०२३ पासून मिळते, पण तिची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. ब्रिटनने त्याच वर्षीपासून पन्नाशी ओलांडलेल्या अशा रुग्णांना ती सरकारी सेवेतून मोफत दिली. आपल्या सरकारने निदान किडनी बदललेल्या आणि कॅन्सरच्या रुग्णांपासून सुरुवात करावी. लसीला निधी लागेल, वेळही लागेल. चिठ्ठी छापायला आणि गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यायला मात्र मंत्रालयाकडे बघत बसण्याचं कारण नाही. दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतलं तर हे काम महिन्याभरात सुरू होईल.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, तासगाव (जि. सांगली)