एक रात्र पालीला, एक रात्र इमॅजिकाच्या दारात

मे महिना जवळ आला की या स्तंभाकडे येणाऱ्या विचारणांत महाबळेश्वर कमी आणि इमॅजिका जास्त, असं गेली काही वर्षं चाललंय. महाबळेश्वरचं आमच्याकडे कौतुक ते किती असणार? कापड्यावरून पुढे आंबेनळी घाट चढला की आलंच ते. तिथल्या हॉटेलांत चादरी बदलणारी, ऑर्डरी घेणारी बरीच पोरं आमच्याच खोऱ्यातली. घरच्या शाळकरी मंडळींना हवी असते ती इमॅजिकातली नायट्रो राइड, आणि तीही ‘दोनदा बसायचंय’ या अटीवर.

या वेळची विचारणा कापड्याच्या एका ताईंची. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. डोंबिवलीहून धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी येणार. एक दिवस राइड्सचा, एक दिवस वॉटर पार्कचा, रात्री दोन. जाऊबाईंचं म्हणणं, दोन्ही रात्री पार्काला लागून असलेल्या नोवोटेलातच राहू, एकदा बॅगा टाकल्या की टाकल्या. ताईंच्या यजमानांचं म्हणणं, पहिली रात्र तिथे झोकात काढू आणि दुसरी खोपोलीत एखाद्या साध्या लॉजवर. तेवढेच पैसे वाचतील.

मी यजमानांच्या बाजूने आहे. मुक्काम दोन ठिकाणी विभागाच. फक्त क्रम उलटा करा. स्वस्तातली रात्र आधी, महागाची नंतर.

कारण असं, की हॉटेलची प्रत्येक रात्र सारख्या कामाची नसते. पार्काच्या दारातल्या हॉटेलचे जादा पैसे आपण गादीसाठी मोजत नाही, दारासाठी मोजतो. सकाळी चालत गेटवर जाता यावं, भर दुपारी कुणी थकलं तर खोलीवर परतता यावं, रात्री पेंगुळलेली पोरं उचलून पाच मिनिटांत अंथरुणावर टाकता यावीत, याचे ते पैसे. मग ज्या रात्रीच्या आधी पार्क नाही आणि नंतर लगेच निघून जायचंय, अशा रात्रीसाठी ते मोजायचे कशाला? कापड्याहून निघालेली गाडी संध्याकाळी पोहोचणार. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय आणि माणगावच्या कोंडीत अर्धा तास जाईल की दीड, हे माणगावकरांनाही सांगता येत नाही. असे आंबून पोहोचलेले लोक जेवतात आणि झोपतात. झोपेला दार लागत नाही.

ती पहिली रात्र पालीत काढा. पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड करत वाकण फाट्याला आलात की उजवीकडे वळायचं; तो रस्ता पालीवरूनच खोपोलीकडे जातो आणि इमॅजिका त्याच रस्त्यावर आहे. वाट वाकडी करण्याचा प्रश्नच नाही. बल्लाळेश्वराचं दर्शन होतं, भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते, आणि सासूबाईंच्या लेखी सहलीचा मुख्य कार्यक्रम तिथेच पार पडतो. त्यानंतर त्या नायट्रोलाही नावं ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सकाळी लवकर उठणाऱ्यांनी उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन यावं. सरसगड डोक्यावर दिसत राहील, पण त्या दिवशी तो फक्त बघायचा.

सकाळी पालीहून निघून पार्क उघडायच्या आधी नोवोटेलात पोहोचायचं. खोली तेव्हा मिळणार नाही, मागूही नका. आदल्या रात्रीचे पाहुणे निघाल्यावर चादरी, टॉवेल, बाथरूम असं सगळं उरकून दुपारी खोली हाती येते. महाबळेश्वरात काम केलेला कुणीही तुम्हाला हे सांगेल. बॅगा मात्र रिसेप्शनवर ठेवून घेतात. औषधांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचा एकेक जादा कपडा तेवढा वेगळा काढायचा, कारण ठेवलेल्या बॅगेच्या तळाशी गेलेली गुडघ्याची गोळी परत काढताना सगळ्यांचेच गुडघे दुखतात. दुपारी खोली मिळाली की सासूबाई आडव्या. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून खोली सोडायची, बॅगा गाडीत टाकायच्या, दिवस वॉटर पार्कात घालवायचा आणि चारच्या सुमारास ओले कपडे पिळून घरची वाट धरायची. खोलीचं भाडं एका रात्रीचं, उपयोग दोन दिवसांचा.

ही युक्ती काही माझी नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला जाणारी आपली मराठी मंडळी ती सर्रास वापरतात. युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना राइड्सची मोठी रांग टाळणारा एक्सप्रेस पास खोलीबरोबरच मिळतो, आणि तो येण्याच्या दिवशीही चालतो, निघण्याच्या दिवशीही. म्हणून बाकीची सुट्टी स्वस्त हॉटेलात काढून एकच रात्र तिकडे घेतात आणि दोन दिवस पास वापरतात. पुण्याहून नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांना हे बिऱ्हाड हलवणं कळत नाही, पण लेक-जावयाने आकडेमोड कधीच करून ठेवलेली असते.

हॉटेल आणि पार्क यांचं हे नातं तसं जुनं आहे. वॉल्ट डिस्नीने 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं तेव्हा हॉटेल बांधायला हाताशी पैसा उरला नव्हता. ते हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच माणसाने बांधलं. पुढे भोवताली इतरांची मोटेलं उभी राहिली आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्या गल्ल्यात जाऊ लागला. हा धडा डिस्नी कंपनीला असा लागला, की फ्लोरिडात तिने सुमारे 27 हजार एकर जमीन घेतली आणि 1971 मध्ये तिथलं पार्क उघडलं ते स्वतःच्या दोन हॉटेलांसकट. आज तिथे डिस्नीच्याच एका हॉटेलातून दुसऱ्यात मुक्काम हलवायचा असेल, तर बॅगा हॉटेलवाले स्वतः नेऊन पोहोचवतात. पाहुणे तोवर पार्कात. मुक्काम विभागण्याचा खरा त्रास सामानाचा असतो आणि तिथे तो त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला आहे.

आपल्याकडे तशी सोय धरून चालू नका. आपलं सामान आपल्या इकोच्या मागच्या सीटवर. म्हणूनच क्रमाला महत्त्व. मुक्काम हलवायचा तो सकाळी, पार्कात शिरण्याआधी. यजमानांच्या बेतात तो रात्री होता: दिवसभर उन्हात रांगा लावल्यावर, एक पोर खांद्यावर, दुसरं रडतंय, आणि खोपोलीच्या लॉजवाल्याला फोन करून विचारायचं, गीझर चालू आहे का. त्यात वाचलेले पैसे कुणालाही आठवत नाहीत.

आमच्या लहानपणी असली गणितं नव्हती. एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये गोराईला सुरू झालं आणि त्या जाहिरातीतला मुलगा घरी जायलाच तयार नसायचा, पण आमच्या ओळखीत तिथे मुक्काम करणारं कुणी नव्हतं. मार्व्याहून बोटीने जायचं, अंधार पडायच्या आत बोटीनेच परतायचं आणि रात्री काकांच्या चाळीतल्या खोलीत ओळीने झोपायचं. आता एस्सेलवर्ल्डही 2022 पासून बंद आहे. इमॅजिका 2013 ला आलं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आणि 2015 ला हॉटेल. मुक्कामाचा प्रश्न आमच्या घरांत आला तो त्यानंतर.

पैशांबद्दल एक गोष्ट नीट बघा. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर 18. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते आणि 8,000 ची 9,440 ला. भाड्यात फरक पाचशेचा, बिलात दीड हजारावर. सुट्टीच्या दिवसांत भाडी रोज बदलतात, तेव्हा शनिवार सोडून मंगळवार-बुधवार घेतला तर कधी कधी खोली या रेषेच्या अलीकडे येते. रांगाही कमी असतात. शिवाय हॉटेलात खोलीमागे माणसं मोजतात; जादा गादी, जादा नाश्ता यांचे पैसे आरक्षणाच्या वेळीच विचारा. भक्तनिवासात एका खोलीत चार-पाच जण सतरंज्या अंथरून झोपले तर कुणी भुवई उंचावत नाही.

तान्हं बाळ असलेल्या घराने मात्र माझं ऐकू नये. दूध, बाटल्या, झोपेच्या वेळा यांचा संसार रोज नव्या खोलीत मांडण्यात काही शहाणपण नाही. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी राहा. कुणाचं पथ्यपाणी कडक असेल त्यांनीही तेच करावं.

आरक्षण आधी नोवोटेलचं करा, मग पालीचं. त्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टी बघा. मंगळवार स्वस्त पडतो म्हणून धरलात आणि नेमकी अंगारकी निघाली, तर पालीत खोली सोडा, गाडी लावायलाही जागा मिळायची नाही.

दीर-जाऊबाईंनी पालीला यायचं काही कारण नाही. त्यांनी राइड्सच्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून खोपोली लोकल धरावी आणि थेट नोवोटेलवर भेटावं. त्यांना रात्र एकच पडते, आणि जाऊबाईंच्या बॅगाही एकदाच टाकल्या जातात. खोपोली स्टेशनबाहेर रिक्षा ठरवताना भाडं मात्र बसायच्या आधी बोलून घ्या.